कुंकवाखालचं बत्तीस बोअर

अस्सल विलायती रिव्हॉल्व्हर मी भंगार ठरवलं. तेही दुकानात चार माणसं बसलेली असताना, मोठ्या आवाजात, डोळे मिटून.

डोळे मिटणं हा माझा खेळ होता. धाराशिवात माझं परवान्याच्या शस्त्रांचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघतो आणि मी त्याला सल्ले देतो, जे तो ऐकत नाही. कुणी जुनं हत्यार विकायला आणलं की ते रिकामं असल्याची खात्री करून मी डोळे मिटायचो, हातात तोलायचो, घोडा हळूच मागं ओढून कानाशी धरायचो आणि नुसत्या ‘कट्’ आवाजावरून त्याची जात, वय आणि किंमत सांगायचो. बघणारे गार व्हायचे. खरं म्हणजे नळीवर कारखान्याचं नाव कोरलेलंच असतं आणि ते मी डोळे मिटायच्या आधी वाचून घेतलेलं असायचं. पण हे गिऱ्हाइकाला कशाला सांगा?

आमचा धंदा बाहेरून वाटतो तसा थरारक नाही. एक टेबल, एक जाडजूड तिजोरी, कुलूपबंद जाळीत चार बाराबोअर बंदुका आणि माकडं हाकलायच्या छऱ्याच्या एअरगनी. दिवसभराचं काम म्हणजे येईल त्याला ‘नाही’ म्हणणं. पिस्तूल मागायला येणारे बहुतेक जण परवान्याशिवाय येतात. एका नवरदेवाला वरातीत कमरेला लावायला तासाभरासाठी भाड्यानं हवं होतं. मी विचारलं, “परवाना?” तो म्हणाला, “पत्रिका आहे की!”

परवाना दुकानात मिळत नाही, जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो. पोलीस चौकशी करतात, जिवाला धोका कुणाकडून ते विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात. शेजारी काय सांगतात ते तुमच्या वागण्यावर अवलंबून. एवढं पार पडलं की सरकारी कारखान्याचं नवं रिव्हॉल्व्हर घेता येतं, ठरलेल्या भावानं, नंबर लागेल तेव्हा. पण हौशी माणसाचा जीव अडकलेला असतो जुन्या विलायती मालात. तो बाहेरून येणं कधीचं बंद झालं. बंदी यायच्या आधी जेवढं आलं तेवढंच देशात फिरतंय. त्यातलं दरसाल काही गंजतं, काही सरकारजमा होऊन वितळतं. त्यामुळं स्वतःच्या मायदेशात कुणी ढुंकून बघणार नाही असं हत्यार इथं सोन्याच्या ताठ्यानं वागतं. वस्तू लोखंडाची, किंमत दाराची. दार जितकं अरुंद, तितका आत शिरलेल्याचा रुबाब मोठा.

आणि हे दार दोन्हीकडून अरुंद. विकणाऱ्यानं पैसे दाखवील त्याला विकायचं नाही. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा मोकळी पाहिजे, कचेरीची परवानगी पाहिजे, मग माल हलणार. नियम कटकटीचे आहेत, पण त्या कटकटीवरच माझं घर चाललं, म्हणून मी त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

तर सुंदराबाई. परंड्याहून सोनारीकडं जाताना एक वस्ती लागते, तिथं यांची खव्याची भट्टी. सासरे निजामाच्या काळात करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे जकातीच्या कामावर होते, तेव्हापासून घरात एक रिव्हॉल्व्हर. सासऱ्यांमागं परवाना नवऱ्याच्या नावावर झाला. नवरा वारल्यावर ठाण्यानं सांगितलं, बाई, हे घरात ठेवता येणार नाही. विका नाहीतर सरकारजमा करा. म्हणून ठाण्याच्या एका हवालदाराला बरोबर घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या. हवालदाराच्या मांडीवर पेढ्याचं खोकं होतं. मला वाटलं, आपल्यासाठी पेढे. खोकं उघडलं तर आत तांबड्या-पिवळ्या रंगाचा एक गोळा.

“हे काय, मावशी?”

“रिवालवर. मालकांचं.”

“पण आहे कुठं?”

“ह्येच की! चष्मा लावा.”

प्रकार असा होता. खंडेनवमीला घरोघरी हत्यारं पूजतात, तसं यांच्या घरी भट्टीचं लोखंडी उलथनं आणि हे रिव्हॉल्व्हर शेजारी शेजारी मांडायचे. तेलाचा हात, हळद, कुंकू. उलथनं दुसऱ्या दिवशी कढईत जायचं आणि आपोआप साफ व्हायचं. रिव्हॉल्व्हर जायचं पेटीत. पूजेचं कुंकू पुसायचं नाही हा सासूबाईंचा दंडक. असे सालोसाल थर चढत गेले. नळी आहे हे अंदाजानंच कळत होतं.

आमचे मिस्त्री रशीदभाई यांनी बारीक काडी घालून गोळ्यांची घरं रिकामी असल्याची खात्री केली. मग मी डोळे मिटले. घोडा ओढला, हलेना. चक्र फिरवलं, फिरेना. कानाशी धरलं, आवाज शून्य; फक्त कानाच्या पाळीला कुंकू लागलं. यावेळी आधी वाचायला काही नव्हतं, कारण नाव थराखाली होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, साफ करून बघू. पण समोर चार माणसं श्वास रोखून बसलेली.

“संस्थानी लोहाराची नक्कल,” मी जाहीर केलं. “आतून गंजून एकजीव झालंय. मावशी, पाव किलो लोखंड समजा.”

“नक्की?”

“मावशी, डोळे मिटून सांगतोय!”

सुंदराबाईंनी पेढ्याचं रिकामं खोकं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “मग भट्टी देऊन टाकते त्याला.”

तेव्हा कळलं की त्या लोखंडाची चौकशी करायला आलेल्याच नव्हत्या. वस्तीवरच्या वीसेक घरांचं दूध त्यांच्या भट्टीवर येतं. खवा आज केला तर आजच्या भावानं द्यावा लागतो, कारण तो थांबत नाही. आणि हे पक्कं ठाऊक असलेला एक व्यापारी रोज भाव पाडून मागायचा. आता तो म्हणत होता, भट्टीच मला द्या आणि तुम्ही रोजावर हलवा. कोल्ड स्टोरेजची एक खोली बांधता आली तर खवा सणापर्यंत ठेवता येईल आणि भाव आपल्या हातात राहील, असं बाईंचं गणित. त्या खोलीसाठी त्यांच्याकडं विकण्यासारखी एकच वस्तू होती. ती मी पाव किलोत काढली होती.

एवढ्यावर थांबलो नाही. “सरकारजमा करून मोकळ्या व्हा,” असा सल्ला देऊन अर्जही मीच लिहून दिला. माझं अक्षर चांगलं आहे. ‘सदर शस्त्र पूर्णतः निरुपयोगी.’ कचेरीचा हुकूम येईपर्यंत हत्यार माझ्या तिजोरीत जमा. त्याचा नंबर मी परवान्यावरून उतरवला. हत्यारावरचा ताडून बघायचा असतो, पण त्यासाठी खरवडावं लागलं असतं.

काही दिवसांनी निरोप आला, हुकूम झालाय, उद्या दुपारी पोलीस हत्यार न्यायला येतील. रशीदभाई म्हणाले, “सेठ, नंबर तो दिखना. हवालदार मिला के देखेगा ना.”

म्हणून मी घासलेटात फडकं बुडवलं. आधी तांबडं सुटलं, मग पिवळं, मग पुन्हा तांबडं. कितीतरी खंडेनवम्या फडक्यावर उतरल्या. मग एक अक्षर दिसलं. इंग्रजी. मग दुसरं. मग पूर्ण नाव, गाव आणि बत्तीस बोअरचा शिक्का. माझा हात जागीच थांबला. पुढचं रशीदभाईंनी पुसलं. कावळ्याच्या पंखासारखं निळं-काळं लोखंड, ओरखडा नाही, गंजाचा ठिपका नाही. तेल आणि हळदीच्या थरानं ते असं जपलं होतं की विलायतेतल्या कारखान्यानंही जपलं नसतं. घोडा मागं ओढला.

कट्.

“आँखाँ खोल के देखो, सेठ,” रशीदभाई म्हणाले. “बंद करके बहुत देखे.”

सुंदराबाईंना फोन लावला. “भट्टीवर हाय,” म्हणून त्यांनी ठेवला. पुन्हा लावला, उचललाच नाही. कचेरीत विचारलं तर शस्त्र शाखेतले भाऊसाहेब म्हणाले, पोलीस न्यायच्या आधी बाईंनी स्वतः येऊन अर्ज मागं घेतला तर विचार करू. एकदा हत्यार पोलिसांच्या मालखान्यात गेलं की ते वितळायलाच जाणार. म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच मी जीप काढून वस्ती गाठली.

बाई कढईपुढं. जाळ ढणढणतोय, दूध आटतंय, उलथनं तळाशी खर्रखर्र फिरतंय. वाफेच्या अलीकडून मी सगळं सांगितलं. भंगार नाही, विलायती आहे, घबाड आहे, पण आत्ता धाराशिवला चला. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल. आलं. पण भलत्याच कारणानं.

“धुतलं तुमी?”

“म्हणजे... नाव वाचायला...”

“कशानं?”

“घासलेटानं.”

“सासूबाईंच्या हातचं कुंकू हुतं त्याच्यावर! मालकांच्या हातचं हुतं! आन् तुमी घासलेटानं?” उलथनं हवेत उचललं गेलं. मी जाळीतल्या बाराबोअर बंदुकांमध्ये हयात घालवली, पण त्या उलथन्यापुढं मागं सरलो. “काल भंगार म्हनला, आज सोनं म्हनता. उद्याच्याला काय, बत्तासा?”

  पुसल्याशिवाय किंमत कळत नव्हती हे खरं. आणि पुसलं त्याची किंमत माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हती, हेही खरं. एवढंच म्हणालो, “मावशी, चूक झाली. पण दुपारी पोलीस आले तर ते वितळेल. मग कुंकूही गेलं, लोखंडही गेलं आणि भट्टीही गेली.”

बाईंनी भट्टीकडं पाहिलं. “व्यापाऱ्याला तोंडी व्हय म्हनलंय म्या,” त्या म्हणाल्या. “पर कागुद न्हाय झाला अजून.” मग पदर खोचला. “ह्यो घाणा उतरल्याबिगर मात्र म्या हलायची न्हाय. वीस घरचं दूध हाय.”

“तुम्ही लुगडं बदलून या, तोवर मी हलवतो. वेळ वाचेल.”

“जमंल?”

“मावशी, यात काय आहे!”

खवा हलवणं म्हणजे हात थांबू न देणं, बस्स. मी थांबलो नव्हतो. मधेच भाऊसाहेबांचा फोन आला म्हणून फक्त हात बदलला. तेवढ्यात तळाशी धरलं. मला वास यायच्या आत बाईंना घरात आला. अर्धवट नेसलेल्या तशाच धावत आल्या, माझ्या हातातून उलथनं हिसकलं, वरचा खवा सपासप वेगळा काढला आणि तळाचा काळा थर माझ्यापुढं धरला.

“ह्यो बी घासलेटानं धुनार का?”

जीपमध्ये त्या येरमाळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. तिथं रस्त्यावरूनच येडेश्वरीला हात जोडले आणि मग एकच प्रश्न विचारला.

“शेठ, आमचा खवा दुसऱ्या दिशी उतरतो. तुमचं ह्ये लोखंड पन्नास वर्सांनी चढतं कसं?”

मी सगळं समजावून सांगितलं. बाहेरून येणं बंद, आत आहे तेवढंच, घेणारे वाढले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “म्हंजी दसऱ्याचा खवा,” त्या म्हणाल्या. “दूध आटलेलं आन् गिऱ्हाईक दारात.” माझं व्याख्यान एका वाक्यात संपलं.

कचेरीत भाऊसाहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. पहिला माझ्या अक्षरात: पूर्णतः निरुपयोगी. दुसराही माझ्याच अक्षरात: उत्तम स्थितीत.

“काका,” ते म्हणाले, “मधल्या दिवसांत शस्त्र तालमीत जात होतं का?”

सगळी शाखा हसली. पण भाऊसाहेब हसत हसत पेचाचं बोलले. हत्यार तेच आहे, मधे बदललेलं नाही, याची हमी कुणी द्यायची? थराखालून निघालेला नंबर परवान्यावरच्याशी जुळत होता. पण दुकानदारानं तो आधी ताडून का पाहिला नाही? याचं उत्तर लेखी पाहिजे. आणि ते लिहिलं की माझ्या दुकानाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला ते कायमचं चिकटणार.  गप्प राहिलो तर दोन तासांत पोलीस हत्यार घेऊन जाणार होते आणि माझी अब्रू शाबूत राहणार होती. भिंतीला टेकून सुंदराबाई उभ्या होत्या. अंगाला अजून जळक्या खव्याचा वास.

मी लिहिलं: ‘शस्त्र साफ न करता, नंबर न ताडता, केवळ फाजील आत्मविश्वासानं मी चुकीचं मत दिलं.’ आमच्या धंद्यात मी पुष्कळ लिहिलं, पण इतकं नेमकं कधी जमलं नाही.

“वाचून दाखवा,” सुंदराबाई म्हणाल्या.

“मावशी, आहे तेच...”

“मोठ्यानं. त्या दिशी मोठ्यानं बोलला हुता.”

वाचलं. मोठ्यानं. डोळे उघडे ठेवून. भाऊसाहेबांनी साहेबांची सही आणली आणि ठाण्याला फोन केला: हत्यार नेऊ नका. मी दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो आणि रशीदभाईंनी न सांगता चहा आणला. 

विक्रीची परवानगी रीतसर चौकशी होऊन आली. दरम्यान बातमी फुटलीच. पवनचक्क्यांच्या कामाचे एक ठेकेदार, सगळे त्यांना भैय्यासाहेब म्हणायचे, दुकानात येऊन बसले. परवाना होता, त्यावर जागा होती, गळ्यात साखळी होती. हत्यार बघून त्यांचा श्वास अडकला. हातात घेऊन आरशासमोर उभे राहिले. अशा वेळी मला थोडं वाईट वाटतं. इतकी सुबक कारागिरी, आणि ती जायची आरशासमोर उभं राहायला! पण आरशासमोर असतं तोवर कुणाच्या जिवाला धोका नसतो, असं मी मनाला समजावतो.

“आजच नेतो,” भैय्यासाहेब म्हणाले. “कागदाचं मागून बघू.”

“मागून बघणारे आत बसून बघतात,” मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं आणि ते एकदाही वाया गेलं नाही.

आता किंमत. शिरस्ता असा की दुकानदार आकडा सांगतो, मालक मान डोलावतो. सुंदराबाईंना मी बजावून ठेवलं होतं, तुम्ही बोलू नका. त्यांना आकडा म्हशींमध्ये समजावला होता: चांगली मुऱ्हा धरली तर आठ म्हशींएवढा भाव मागू, सातावर तोडू.

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुंदराबाई म्हणाल्या, “बारा.”

“बारा काय?” भैय्यासाहेब गोंधळले.

“मुऱ्हा म्हशी. म्हंजी त्येवढ्याचं पैसं.”

मी खोकलो. बाईंनी लक्ष दिलं नाही. मी आणखी खोकलो. “पानी प्या,” त्या मला म्हणाल्या आणि भैय्यासाहेबांकडं वळल्या.

“मावशी, जुनं आहे ते,” भैय्यासाहेब म्हणाले. “बारा फार होतात.”

“जुनं हाय म्हून तर बारा. नवं पायजे तर सरकारकडं जावा, नंबर लावा.”

“नऊ.”

“असलं दुसरं हाय का जिल्ह्यात, विचारा शेठना.”

भैय्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. खोटं बोलायची गरजच नव्हती. “माझ्या पाहण्यात नाही,” मी म्हणालो.

“दहा, मावशी. शेवटचं.”

सुंदराबाईंनी खोक्याचं झाकण लावलं. पेढ्याचंच खोकं. सावकाश, चारी कोपरे दाबून. भैय्यासाहेब त्या झाकणाकडं असं बघत होते, जसं जेवत्या ताटावरून कुणी उठवावं.

“बरं, बारा!” ते ओरडले.

रशीदभाईंनी तोंडात रुमाल कोंबला. या धंद्यात मी म्हातारा झालो, पण खोकल्याशिवाय केलेला इतका देखणा सौदा मी पाहिला नाही. आणि तो माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून, कुणीतरी दुसऱ्यानं केला.

कोल्ड स्टोरेजची खोली उभी राहिली. त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर दूध आटलं, मिठाईवाले भाव चढवत वस्तीवर आले, आणि सर्वात पुढं तोच व्यापारी. सुंदराबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि आपला भाव सांगितला. तो बोटांनी हिशेब करत होता, पण मुकाट्यानं घेत होता. भट्टी बाईंची राहिली आणि वीस घरांच्या दुधाला त्या सणात चांगला भाव मिळाला.

खंडेनवमीला मला आणि रशीदभाईंना आवतण होतं. नव्या खोलीसमोर पाट मांडलेला. पाटावर उलथनं, आणि शेजारी जागा रिकामी सोडलेली. ती बघून मी हात जोडले. पण मी मी आहे. वीस घरची माणसं जमलेली बघून राहवेना. गंध लावून घ्यायला पुढं झालो आणि म्हणालो, “काय मावशी, शेवटी आमच्याच दुकानात सोनं झालं ना? आता तरी म्हणा, शेठला पारख आहे!”

सुंदराबाईंनी ताटलीतल्या तेलाचा हात माझ्या कपाळाला लावला. त्यावर हळद, त्यावर कुंकू. चांगलं जाड, भुवयांपर्यंत. ओघळ नाकावर आला म्हणून मी रुमाल काढला, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

“पुसू नगा, शेठ. दरसाल येत जावा, थर चढवत जाईन. पन्नास वर्सांनी कुनी खरवडलं, तर आत काय तरी कामाचं निघंल!”